अर्धा किलो नमुना

सगुणच्या शेतातली माती तपासणीला गेली जानेवारीच्या एकोणीस तारखेला, आणि चंद्राच्या पलीकडल्या बाजूची माती आणायला चीनचं यान सुटलं मेच्या तीन तारखेला. म्हणजे शर्यत म्हणायचीच झाली तर सगुणची माती साडेतीन महिने पुढे होती. शिवाय तिला जायचं होतं अवघं अठरा किलोमीटर, तेही बसमध्ये, सगुणच्या मांडीवर बसून. यानाला जायचं होतं पावणेचार लाख किलोमीटरांच्याही वर, आणि तिथे उतरल्यावर विचारायला माणूस नाही.

शेतकी कचेरीत उतरल्यावर सगुणलाही विचारायला माणूस नव्हता, म्हणा. जेवणाची सुट्टी होती. एका शिपायाने पिशवी घेतली, वरची चिठ्ठी वाचली, "बरां" म्हणाला आणि आत गेला. चिठ्ठीवर सगुणने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: नमुना. खाली नाव, गाव, सर्व्हे नंबर. वजन अर्धा किलो. कचेरीने सांगितलं तेवढंच. सगुण सांगितल्याबरहुकूम करणारा माणूस, आणि त्याचं आयुष्यभर तेच चुकत आलं होतं.

प्रकरण असं. दोन पावसाळ्यांमागे डोंगरावरच्या बंद खाणीचा मातीचा ढीग खाली सरकला, ओहोळातून वाहत आला आणि सगुणच्या भातशेतात येऊन बसला. गुडघाभर, लालभडक. पहिल्या वर्षी सगुणने त्याच्यावरच भात टाकलं. ते उगवलं, चार बोटं झालं आणि कावीळ झाल्यासारखं पिवळं पडून मेलं. दुसऱ्या वर्षी त्याने टाकलंच नाही. आता तिसरा पावसाळा तोंडावर आला होता आणि भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, माणूस गुरुदास बांधावर उभा राहून छत्रीच्या टोकाने गाळ ढोसून गेला होता.

"सगुण, तीन पावसाळे नांगर नाय लागलो, तर ताका शेत म्हणतत काय?" तो म्हणाला होता. "आणि शेत नाय तर तू कूळ कसलो?"

गाळ काढायला मशीन होतं. पावसाआधीची नालेसफाई पाऊस तोंडावर आल्यावर सुरू करायची पंचायतीची जुनी रीत, त्यामुळे एक पोकलेन सगुणच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीतच, येऊन राहिलं होतं. पण खाजगी शेतातला गाळ उचलायचा तर शेतकी कचेरीचा कागद हवा. कागद हवा तर मातीचा रिपोर्ट हवा. आणि रिपोर्ट हवा तर तो अर्धा किलो कुठेतरी असायला हवा.

"काका, कागद हाडा," पोकलेनवरचा विशाल म्हणायचा. तो दोडामार्गचा, पोटरीवर विंचू गोंदलेला, स्वभावाने गरीब. "अर्ध्या दिसात तुमचो गाळ उचलून देतंय. कागद नाय तर मी चमचोभर पण उचलूचंय नाय. माझी नोकरी जायत."

तोवर सगुण आणि त्याची बायको विमला हातानेच गाळ काढत होती. मे महिन्यात तो गाळ पत्र्यासारखा वाजतो. पिकास मारली की ठिणगी उडते, माती उडत नाही. सगुण खणायचा, विमला पाटी भरून डोक्यावर घ्यायची आणि ओहोळापलीकडे नेऊन ओतायची. घाम लाल, थुंकी लाल, संध्याकाळी आंघोळीचं पाणी लाल. विमलाच्या टाळूवर चुंबळीखाली केस जायला लागले होते. दोन आठवड्यांनी विहिरीलगतचा एक कोपरा मोकळा झाला.

विमलाने कंबरेवर हात ठेवून तो पाहिला. "काय काढलाव ओ आपण? न्हाणयेएवढा शेत."

"तेवढ्यात तरवो होतलो," सगुण म्हणाला.

"तरवो होतलो. पण लावतलास खंय? न्हाणयेत?"

तरी त्या कोपऱ्यात मेच्या अखेरीला तिने भात टाकलं आणि विहिरीचं पाणी घालून रोपं उभी केली. तरवा म्हणजे लावणीची रोपं, वाट न बघणारी वस्तू. महिन्याच्या आत उपटून शेतात लावला तर लावला, नाही तर तो जून होतो, मग गुरांना घालायचा.

जूनच्या पहिल्या सोमवारी सगुण पुन्हा कचेरीत गेला. ही त्याची सातवी खेप. नोंदवही सांभाळणाऱ्या क्षमा मॅडम मेजावर मोबाइल उभा करून बघत होत्या.

"उतरलं!" त्या म्हणाल्या.

"आयलो रिपोर्ट?" सगुण पुढे झाला.

"यान उतरलं हो, चंद्रावर! काल सकाळी. बघा, काय सुंदर."

सगुणने वाकून बघितलं. राखाडी, ओसाड जमीन, जिकडेतिकडे खळगे, हिरवं म्हणून काही नाही. कोणाचं तरी शेत वाटलं त्याला. कोण असेल बिचारा, त्यालाही कागद मिळाला नसणार.

"बरां झाला," तो म्हणाला. "माझी माती?"

क्षमा मॅडमनी वही उघडली. बोट जानेवारीतून खाली आणत जूनमध्ये आणलं. "सगुणबाब, नोंद नाही. नोंद नाही म्हणजे माती आली नाही."

"मी सोता हाडून दिलंय."

"कोणाकडे?"

"शिपायाकडे."

"कुठच्या शिपायाकडे?"

"जो जेवत नव्हतो तो."

"तो बदलून गेला," क्षमा मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला बसायला कदेल दिली, पंखा त्याच्याकडे वळवला. "आता पाऊस लागला. ओली माती तपासायला घेत नाहीत. ऑक्टोबरात सुकली की नवा नमुना आणा."

"ऑक्टोबरात भात कापतत, मॅडम. टाकत नाय."

"ते बरोबर," त्या म्हणाल्या, आणि दोघंही थोडा वेळ चंद्राकडे बघत बसली.

त्यानंतर यानाने सगुणचा पिच्छाच पुरवला. सकाळी पाववाल्या पोदेराच्या मागून पेपर यायचा, त्याच्या पहिल्या पानावर यान. हॉटेलात चहा प्यायला बसावं तर टीव्हीवर यान. यानाने खोरं मारलं, यानाने माती डब्यात भरली, डब्याचं झाकण लागलं, यान परतीला निघालं. झाकण लागल्याचीसुद्धा बातमी. सगुण मनात हिशेब करायचा नाही, त्याच्या मनात तो आपोआप व्हायचा.

पेपराला वाड्यावरच्या बातम्या पाठवायचा तो प्रज्योत. पंचविशीचा, स्कूटरवाला, नाकीडोळी नीटस. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सगुणने त्याला शेतावर नेलं होतं. त्याने बांधावरून बघून मान हलवली होती.

"सगुणबाब, गाळ दोन वर्षांमागचो. बातमी म्हणजे नवीन काय तरी जाय."

"मगे चंद्रार माती काल पडली?" सगुणने विचारलं होतं. प्रज्योतने त्यावर हेल्मेट घातलं होतं.

तोच प्रज्योत जूनच्या सव्वीस तारखेला धो धो पावसात स्कूटर हाकत आला. रेनकोटातून पाणी गळत होतं, दात हसत होते.

"सगुणबाब! तुमची बातमी लागता! पणजेहून फोन आयलो. काल चंद्राची माती पृथ्वीर पावली न्हय, तिच्यार शेतकऱ्याची प्रतिक्रिया जाय."

"शेतकऱ्याची कित्याक?"

"माती म्हणजे शेतकरी! डॉक्टराची घेतली, निवृत्त मास्तराची घेतली. मागीर संपादक म्हणालो, मातीची बातमी आणि शेतकरी नाय?"

विमला तरव्याकडे बघत होती. शेंडे पिवळे पडायला लागले होते. ती म्हणाली, "सांगा ओ. सगळा सांगा. एक पण सोडू नकात."

सगुणने हात धुतले, गंजीफ्रॉकावर शर्ट चढवला आणि सगळं सांगितलं. त्रेपन्न दिवसांत ते दोन किलो माती चंद्रावरून आणतात. माझी अर्धा किलो माती पाच महिने झाले, अठरा किलोमीटरवरून तिचं उत्तर येत नाही. तरवा जून होतोय. मशीन चार दिवसांत जाईल. शेत पडीक राहिलं तर कूळ जाईल. प्रज्योतने मोबाइलवर भराभर टिपलं. सगुणच्या मुठीत लाल चिखल देऊन फोटो काढला. जाताना त्याने मोबाइल रेनकोटाच्या आत जपून ठेवला. "खूप बरी बातमी, सगुणबाब."

दुसऱ्या दिवशी पेपर आला. विमलाने चष्मा लावून पडवीत मोठ्याने वाचला.

"'चंद्रावरच्या मातीने शेतकरी भारावला.'" ती थांबली. "'अवघ्या त्रेपन्न दिवसांत दोन किलो माती! शेतकरी म्हणून माझा ऊर भरून आला, असे प्रगतिशील शेतकरी सगुण यांनी सांगितले.'" तिने चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "ऊर कधी भरून आयलो? माका सांगूक नाय."

"पुढे वाच."

"पुढे जायरात."

सगुणने फोन लावला. पलीकडे प्रज्योत आधीच कळवळत होता. "मी सगळां धाडलेलंय, सगुणबाब! आईची शपथ. डेस्कार कापतत. जागा नसता."

"जागा नाय तर चंद्राचो फोटो एवढो मोठो कित्याक?"

प्रज्योतने विचार केला. "चंद्र गोल आसा," तो म्हणाला. "कापूक येना."

आणि मग जे व्हायचं नव्हतं ते सुरू झालं. लोक अभिनंदन करायला लागले. तिठ्यावर दोघांनी हात हातात घेतला. सरपंचांनी गाडीची काच खाली करून "वाड्याचं नाव वर नेलंत" म्हटलं आणि काच वर नेली. शुक्रवारी साखळी गावाजवळच्या एका हायस्कुलातून तारा बाईंचा फोन आला. शाळेच्या विज्ञान मंडळाचं उद्‌घाटन शनिवारी. त्यात 'अवकाशप्रेमी शेतकरी' म्हणून सगुणचा सत्कार.

"मी कसलो अवकाशप्रेमी!" सगुण फोन ठेवून तडकला. "माका चंद्र दिसलो काय मस्तकात कळ येता."

"पावणो कोण आसा, इचारलास?" विमलाने विचारलं.

"शेतकी अधिकारी. गौरेश साहेब."

विमलाने हातातला कोयता खाली ठेवला. "उद्याक इस्त्रीचो शर्ट घाला," ती म्हणाली.

शनिवारी हायस्कुलच्या सभागृहात सगुण साहेबांशेजारी बसला. पाच महिने ज्या दाराबाहेर उभा होता, त्या दारामागचा माणूस एवढा जवळ, की त्याच्या अत्तराचा वास येत होता. साहेबांनी सगुणला शाल पांघरली. नारळ दिला. सगुणच्या घरामागे अकरा माड होते, पण हा नारळ त्याने दोन्ही हातांनी घेतला. मग साहेब अर्धा तास बोलले. मातीत इतिहास असतो, मातीत भविष्य असतं, मातीचा कण न् कण बोलतो. पोरं पंख्याकडे बघत होती. मग तारा बाई म्हणाल्या, "आता सत्कारमूर्ती दोन शब्द सांगतील."

सगुणने माईक हातात घेतला. त्याने बाकांकडे पाहिलं. मागच्या भिंतीला टेकून प्रज्योत कॅमेरा घेऊन उभा होता, त्याने अंगठा वर केला.

"पोरांनो," सगुण म्हणाला, "साहेब म्हणाले, मातीचो कण न् कण बोलता. माझे अर्धो किलो कण साहेबांच्या कचेरीत आसत. जानेवारीपसून एक पण बोलूक नाय."

पोरं हसली. सगुण गोंधळला, त्याला वाटलं, काही तरी चुकलं. म्हणून त्याने नीट समजावून सांगायला घेतलं. "खरांच. चंद्रार दिली आसती तर एदोळ रिपोर्ट हातात पडलो आसतो. माझा म्हणणा, साहेबांची कचेरी थंय न्हेवची. थंयसून काम बेगीन जाता."

सभागृह उठलं. बाकं वाजली, पायऱ्यांवरची पोरं शिट्ट्या मारायला लागली, तारा बाई "शांत, शांत" म्हणता म्हणता पदर तोंडाला लावून बसल्या. गौरेश साहेब सगळ्यांबरोबर हसले. हसता हसता त्यांची नजर प्रज्योतच्या कॅमेऱ्यावर गेली, आणि हसू दातांवर तसंच राहिलं. ते सगुणच्या कानाशी वाकले.

"सोमवारी या."

"सोमवारी सात खेपा झाल्या, साहेब."

"या सोमवारी मी असेन."

सोमवारी साहेब होते. साहेब उभे असल्यामुळे सगळी कचेरी उभी होती. कपाटं उघडली, फायली खाली आल्या, एका खणातून कोणाचा तरी मागच्या चतुर्थीचा लाडू निघाला. माती नव्हती. क्षमा मॅडम मधेच थांबल्या.

"सगुणबाब, पिशवीवर तुम्ही काय लिहिलं होतं? 'सॉइल सॅम्पल'?"

"माका विंग्लीश येना. मराठीत लिवलंय. नमुना."

क्षमा मॅडमचा चेहरा हळूहळू बदलला. त्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे गेल्या. मागच्या मराठी पंधरवड्यात वरून हुकूम आला म्हणून कचेरीतल्या प्रत्येक वस्तूवर मराठीत पाटी चिकटवली होती. पंख्यावर 'पंखा'. जनेलावर 'खिडकी'. आणि ज्या कपाटात कोरे फॉर्म ठेवतात, त्याच्यावर शब्दकोश बघून 'नमुने'. जानेवारीतल्या त्या शिपायाने चिठ्ठी वाचली होती, पाटी वाचली होती, आणि नोकरीत एकदाच काय ते मनापासून काम केलं होतं.

खालच्या खणात, हमीपत्राच्या आणि वारसा दाखल्याच्या नमुन्यांच्या मधोमध, पिशवी बसली होती. दोन्ही बाजूंचे फॉर्म लाल झाले होते.

सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेबांनी पिशवी हातात घेतली, उलटसुलट केली. "म्हणजे," ते म्हणाले, "नमुना नमुन्यांतच होता. हरवला नव्हता."

"एकेक नमुने आसत हंय," सगुण पुटपुटला. क्षमा मॅडमना हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं.

रिपोर्टला अजून पंधरा दिवस. सगुणने विचारलं, तरव्याला पंधरा दिवस थांब म्हणून कोण सांगणार? साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, तिथे आज कॅमेरा नव्हता पण उद्या असू शकत होता. त्यांनी उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या. गाळ काढण्यास हरकत नाही. सही, शिक्का. पाच महिन्यांचं काम चार मिनिटांत झालं, आणि सगुणला आनंदाच्या आधी संतापच आला.

कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी काखेत, असा तो धावत बसस्टँडवर आला आणि बसमधून उतरून धावत ओहोळावर. पोकलेन अजून होतं. विशाल त्याच्या साखळ्यांतला चिखल काढत होता. त्याने कागद दोनदा वाचला.

"कागद बरोबर आसा, काका." मग तो शेतापाशी आला, एक काठी घेतली आणि गाळात दाबली. काठी गेली, तिच्यामागून मनगट गेलं, कोपर गेलं. "शेत रवला नाय. हेच्यात मशीन उतरयलंय तर ता काढूक दुसरा मशीन हाडूचा लागात."

सगुण कागद धरून तसाच उभा राहिला. पाऊस पिशवीवर टपटप वाजत होता. विमला पाठीमागून आली. तिने कागद बघितला नाही, शेत बघितलं नाही. पोकलेनचा लांब पिवळा हात बघितला.

"विशाल," ती म्हणाली, "ह्या मशीनाचो हात केवढो पावता रे? बांधार उभ्यान?"

विशालने हाताकडे पाहिलं, मग बांधाकडे. "आठ-नऊ मीटर पावात, काकी."

"मगे तेवढाच शेत."

अर्धा दिवस विशाल बांधावरून एकेक पाऊल सरकत राहिला. मशीनचा हात पोचेल तिथे पोचला, गाळ खरवडला, पाठीमागे टाकला. सगुण पुढे चालत बांध खचतो का ते पायाने चाचपत होता. लाल थराखालून काळी माती वर आली. तिच्यात गाळ यायच्या आधीच्या कापणीचे बुडखे अजून रांगेत होते. विमला आत उतरली, पोटरीभर, आणि एक बुडखा उपटून तिने तो मुळासकट हुंगला. मग फेकला. "कुजूक नाय अजून," ती एवढंच म्हणाली, आणि तरवा उपटायला गेली.

शेजारच्या परेशचा टिलर आणून त्या पट्ट्यात दोन फेऱ्या मारल्या. तरवा इतका वाढला होता की शेंडे कोयत्याने छाटावे लागले. तीन दिवस दोघांनी लावणी केली. सगुणची पाठ दुसऱ्या दिवशीच लागली; तो वाकला की वाकलेलाच राहायचा आणि विमलाला त्याला सरळ करायला बांधावरून खाली यावं लागायचं. तिसऱ्या दिवशी गुरुदास छत्री घेऊन आला. पट्ट्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे त्याने मान फिरवली. फार फिरवावी लागली नाही.

"एवढ्याशाक शेत म्हणूचा?"

"नांगर लागलो मा?" सगुण वाकलेल्या अवस्थेतूनच म्हणाला. "भात लागला मा? मगे भाटकाराक सांग, कूळ आसा. वाकडा झाला, पण आसा."

गुरुदासने छत्री दुसऱ्या हातात घेतली. "पाऊस बरो आसा" म्हणून तो गेला.

रिपोर्ट जुलैच्या वीस तारखेला पोस्टाने आला. लोह फार, गंधक कमी, गंधकयुक्त खत घालावे. खाली क्षमा मॅडमनी पेनाने लिहिलं होतं: 'नोंद केली आहे.' दोघं नवराबायको तेव्हा पट्ट्यातलं गवत काढत होती. रोपांनी मूळ धरलं होतं. पाच-सहा ओळी पिवळ्या, बाकीच्या हिरव्या.

"गंधक कमी खंय?" विमलाने विचारलं.

"वरच्या मातीत. नमुनो वरचो दिलेलो."

तिने मान वर करून ओहोळाच्या बाजूला पडलेल्या लाल ढिगाकडे पाहिलं. "म्हणजे औषध त्या ढिगाक घालूचा?"

सगुणने उत्तर द्यायच्या आत बांधावर स्कूटर थांबली. प्रज्योतने हेल्मेट काढलं. चेहऱ्यावर तोच प्रकाश.

"सगुणबाब! मंगळार यान फिरता न्हय, अमेरिकेचा? ताच्या चाकाखाली फातर फुटलो, आणि भितर शुद्ध गंधक! पिवळाधम्मक! पणजेहून खास तुमचा नाव घेतलाय. प्रतिक्रिया जाय."

सगुणने हातातल्या रिपोर्टकडे पाहिलं. प्रज्योतकडे पाहिलं. त्याच्या घशातून जो आवाज आला तो हसण्याचा होता की दुसरा, ते विमलालाही कळलं नाही. पण पुढचं तिने त्याला बोलू दिलं नाही.

"प्रज्योता, चपला काढ."

"आं?"

"चपला काढ, प्यांट वर कर आणि खाली उतर. ही वळ गवतान भरली आसा. मंगळ खंय जायना, गवत वाढता."

प्रज्योत नको नको म्हणत उतरला. चिखलात पाय गेल्यावर त्याने शीळ घातल्यासारखा श्वास घेतला. वाकला, एक झुपका धरला, उपटला आणि विमलापुढे धरला. "ह्या गवत मा, काकी?"

"ता भात."

तिने त्याच्या हातातून रोप घेतलं, मुळं चिखलात ठेवून अंगठ्याने दाबलं. प्रज्योतच्या खिशात फोन वाजायला लागला. पणजीचा असणार. त्याचा हात खिशाकडे गेला.

"वाजू दी," विमला म्हणाली. "खाली बघ."